दोन होत्या म्हणून वाचलं?

मंडळी, आज जरा रागात लिहिते आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर पोटात घाला. (आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा मारल्या, आता तुमची पाळी.)

परवाच्या रविवारी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाची बैठक झाली. परळला, हिंदमाताजवळच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत. विषय होता सहा जुन्या फोटो-अल्बमचा. "स्कॅन झालेत बाई सगळे. आता ठेवून काय करायचं? जागा अडते." इथवर ठीक होतं. मुंबईत जागा अडते हे मला कुणी सांगायला नको, मी गिरगावात दोन खोल्यांत चार माणसांचा संसार केला आहे. पण मी तोंड उघडायच्या आत एकजण म्हणाला, "आणि मागच्या वेळी बघितलंत ना, दोन डिस्क होत्या म्हणून सगळं वाचलं!" झालं. सगळ्यांच्या माना डोलल्या. मागच्या वेळी काय झालं होतं ते खोलीत धड फक्त मला माहीत होतं, आणि नेमकी त्या दिवशी बीपीची गोळी घ्यायची राहिली होती, म्हणून गप्प बसले.

इथे मात्र गप्प बसणार नाही. दोन होत्या म्हणून वाचलं नाही. त्या दोघी एकमेकींसारख्या राहिल्या नव्हत्या म्हणून वाचलं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो न समजल्यामुळे आमच्या मंडळाने एकदा माती खाल्लेली आहे. खाणाऱ्यांत मीही होते, ते पुढे येईलच.

नवीन वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. मी लालबागच्या एका शाळेत ३३ वर्षं मराठी शिकवलं, २००८ला निवृत्त झाले. गिरणी कामगारांच्या मुलांची शाळा. तिथे दरवर्षी एक हस्तलिखित निघायचं. मुलांनी लिहायचं, सुवाच्य अक्षर असलेल्यांनी ते मोठ्या कागदावर उतरवून काढायचं, चित्रकलेच्या सरांनी समास सजवायचे आणि मग त्याची बांधणी. प्रत एकच. १९७१ ते १९९६ असे २६ अंक. यातला १९८२चा अंक माझ्या सगळ्यात जवळचा. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि आमच्या वर्गात मुलांचे डबे हलके व्हायला लागले. त्या वर्षी मी सातवीला विषय दिला होता, 'आमच्या घरातली दुपार'. पाळीवर जाणारा बाप दुपारी घरात बसलेला मुलांनी पहिल्यांदा पाहिला होता. काय लिहिलं असेल ते तुम्हीच समजा. त्यातली किती मुलं पुढच्या जूनमध्ये कोकणात गावी गेली ती परत आलीच नाहीत. आता त्या भागात गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत. शाळाही नाही. उरलं ते एवढंच.

२०१६ला मंडळाने हे अंक स्कॅन करायचं ठरवलं. एका माजी विद्यार्थ्याने फार मनापासून एक कॉम्प्युटर जुळवून दिला, लिनक्सवाला, आत १ टीबीच्या दोन डिस्क, लॅमिंग्टन रोडवरून एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेल्या. मला म्हणाला, "बाई, हा आरसा आहे. इकडे लिहिलं की तिकडे आपोआप उमटतं. एक गेली तरी दुसरी आहेच." मला फार आवडलं ते. इतकं आवडलं की २०१९ला जेव्हा स्कॅन झालेले १९ अंक रद्दीत द्यायचा ठराव आला (वाळवी लागली होती, हे खरं आहे) तेव्हा मीही हात वर केला. त्या हाताचा मला अजून राग येतो.

आता हा आरसा म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगते, कारण मी हे शिकले आहे आणि शिकल्यावर सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. १९८८ला अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडा. स्वस्त डिस्क जास्त संख्येने म्हणजे बिघाडही जास्त, म्हणून एखादी बिघडली तरी काम चालू राहील अशी सोय करा. या सगळ्याला नाव पडलं रेड. त्यातला पहिला प्रकार, रेड-१, म्हणजे आरसा. प्रत्येक अक्षर दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहायचं. लिनक्समध्ये हे काम वेगळं यंत्र न लावता नुसतं सॉफ्टवेअरच करतं, आणि त्याची देखभाल करायच्या आज्ञावलीचं नाव एमडीएडीएम. (उच्चार कसा करायचा ते नातवालाही ठाऊक नाही.)

'काम चालू राहील' हे शब्द लक्षात ठेवा. आरशाचं काम तेवढंच. बँकेत भर दुपारी डिस्क गेली तर रांगेतल्या माणसांना परत पाठवता येत नाही, तिथे आरसा पाहिजेच. पण आमचं मंडळ रविवारी दोन तास जमतं, त्यातला एक तास चहा-बटाटेवड्यात जातो! आमचं काम महिनाभर थांबलं असतं तरी कुणाचं काय अडलं असतं? जे आम्हाला नको होतं ते आम्ही घेतलं, आणि जे हवं होतं, म्हणजे एक वेगळी, लांब ठेवलेली, कुणी हात न लावणारी प्रत, ती घेतलीच नाही. का? तर 'दोन आहेत ना'.

आता २०२४ची गोष्ट. गणपती झाले, अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, त्यानंतरच्या रविवारी मी खोलीवर गेले तर वीज जाऊन आलेली आणि कॉम्प्युटर नव्याने सुरू होत होता. काळ्या पडद्यावर भराभर ओळी धावत होत्या. त्यात एक शब्द दिसला, डिग्रेडेड. मी तो डायरीत लिहून घेतला. दर्जा उतरलेला, एवढं इंग्रजी मला येतं. मंडळात सांगितलं तर उत्तर मिळालं, "बाई, ते टेक्निकल असतं, तुम्ही नका लक्ष देऊ." मी लक्ष दिलं, म्हणून त्यांनी नाइलाजाने बुधवारी एका दुकानातला मुलगा बोलावला.

मुलगा गोड होता, कामाचा होता, पण घाईत होता. त्याने बघितलं की 'बी' डिस्क बाहेर पडली आहे. डबा उघडला, दोन डिस्क एकावर एक. खालची ती 'बी' असं धरून त्याने ती काढली, कॉम्प्युटर सुरू केला. झाला सुरू! फायलीही दिसल्या. "आजी, सगळा डाटा आहे. ही खराब मी घेऊन जातो, नवीन आणून लावतो, रात्रीत कॉपी होऊन जाईल." डिस्क त्याच्या सॅकमध्ये गेलीसुद्धा.

मला दुसरं काही येत नाही, पण हजेरी घेता येते. मी यादी बघितली. १९९१चा अंक आम्ही ऑगस्टमध्ये स्कॅन केला होता, त्यातली निम्मी पानं मी स्वतः लावली होती. तो यादीत नव्हता. १९९० होता, ९१ नाही. मी म्हटलं, "थांब रे बाळा, ९१ कुठे आहे?" तो म्हणाला, "नसेल झाला सेव्ह." मी म्हटलं, "ती डिस्क आधी बाहेर काढ." बऱ्या बोलाने काढली. दोन्ही डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये घातल्या आणि ६६ नंबरच्या बसची वाट न बघता टॅक्सीने घरी आले. (दोनशे रुपये. मंडळाने दिलेले नाहीत.)

शनिवारी नातू पुण्याहून आला आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो. त्याने पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर ते हे की 'ए' आणि 'बी' ही नावं डिस्कची नसतातच. कॉम्प्युटर सुरू होताना जी आधी सापडेल तिला तो एसडीए म्हणतो, नंतरच्या एकीला एसडीबी. आज 'ए' असलेली उद्या 'बी' असू शकते. वरची-खालची याला तर काहीच अर्थ नाही. डिस्कची खरी ओळख म्हणजे तिच्यावर छापलेला सिरियल नंबर. कॉम्प्युटरला विचारलं की तोही तो नंबर सांगतो, मग लेबलशी ताडून बघायचा. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेतला बैठक क्रमांकच की! उत्तरपत्रिका बाकावरच्या जागेवरून ओळखायची नसते हे मी ३३ वर्षं पाळलं. त्या मुलाने न ताडता चांगली डिस्क काढली होती आणि जुनी आत ठेवली होती.

दुसरं, कोणती ताजी आणि कोणती शिळी हे कसं ओळखायचं. प्रत्येक डिस्कवर आरशाची एक नोंद असते, तिच्यात तारीख असते आणि इव्हेंट्स नावाचा एक आकडा असतो. आरशाच्या हालचाली नोंदवत तो वाढत जातो. तारखेवर इथे विसंबता येत नव्हतं, कारण बुधवारी शिळी डिस्क एकटीच चालू केल्यामुळे तिच्यावर बुधवारचीच तारीख पडली होती. पण इव्हेंट्सचा आकडा सॅकमधून परत काढलेल्या डिस्कवर कितीतरी मोठा होता. तीच ताजी.

त्या ताज्या डिस्कवर एक टपालपेटीही सापडली. कॉम्प्युटर स्वतःच्याच मुख्य खात्याला पत्र पाठवत होता. पहिलं पत्र ७ जुलैचं, 'फेल'. त्यानंतर रोज एक, त्याच शब्दांत. अकरा आठवडे. एकही उघडलेलं नव्हतं, कारण ती पेटी आहे हेच आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. मला ते वाचताना कसंसंच झालं. वर्गात शेवटच्या बाकावरचं पोर रोज हात वर करतंय आणि मास्तरांची पाठ वळलेली.

आणि बिघाड तरी काय? डिस्क गेलेलीच नव्हती! प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते. खराब झालेल्या जागांचा आकडा शून्य होता. १९९ क्रमांकाच्या ओळीत मात्र भलामोठा आकडा होता, आणि ती ओळ वाढली की बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून तिच्यापर्यंत जाणाऱ्या केबलचा असतो. दीडशे रुपयांची केबल. ती ढिली होऊन ७ जुलैला एक डिस्क खेळातून बाहेर पडली, आणि आरशाने कुरकुर न करता दुसरीवर काम चालू ठेवलं. चांगलं काम केलं म्हणा ना. इतकं चांगलं की कुणाला कळलंच नाही.

आता खरी गोष्ट. नातवाने दोन्ही डिस्क 'फक्त वाचायचं, लिहायचं नाही' अशा बंधनात उघडल्या आणि दोन वेगवेगळ्या नव्या डिस्कवर त्यांच्या नकला घेतल्या. मग दोन याद्या शेजारी शेजारी लावल्या. ताजीवर ९१ होता, शिळीवर नाही, ते अपेक्षितच होतं. पण शिळीवर '८२' नावाचा फोल्डर होता आणि ताजीवर तो नव्हता.

मीच पुसला होता. ऑगस्टमध्ये आवराआवर करताना '८२' आणि '८२ नवीन' असे दोन दिसले, मला वाटलं एकच गोष्ट दोनदा आहे, म्हणून जुना उडवला. 'नवीन'मध्ये प्रत्यक्षात मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका एवढीच पानं होती, कुणीतरी पुन्हा स्कॅन करायला घेऊन सोडलेली. आणि मी पुसलं ते मला कळलंही नव्हतं. कागद २०१९लाच रद्दीत गेलेला. संपाच्या वर्षातली सातवीच्या मुलांची ती दुपार जगात फक्त एका जागी उरली होती. जी डिस्क बिघडली म्हणून आरशातून बाहेर पडली होती आणि म्हणून माझा मूर्खपणा तिच्यावर उमटला नव्हता, त्या डिस्कवर.

आरसा धड चालला असता तर? मी फोल्डर पुसला त्याच क्षणी तो दोन्हीकडून गेला असता. आरशाला चूक आणि बरोबर कळत नाही. तुम्ही कुंकू लावा नाहीतर तोंडाला काळं फासा, तो दाखवणारच. आणि त्या घाईत आम्ही जुनी डिस्क नुसती परत जोडली असती तर ताज्या डिस्कवरून सगळं तिच्यावर उतरलं असतं आणि ८२ तेव्हाही गेला असता. तर मंडळी, 'दोन होत्या म्हणून वाचलं' हे वाक्य पुन्हा एकदा म्हणून बघा.

"मग क्लाउडवर टाका" असं आमचे तरुण (वय वर्षं पन्नास) म्हणतात. टाका की. मी विरोधात नाही. पण फोनवरचे फोटो जे आपोआप वर जातात, ते फोनवर पुसले की वरूनही पुसले जातात. गूगलच्या फोटोंत ते ६० दिवस कचराकुंडीत राहतात, मग जातात. माझ्या नणंदेने नाशिकला असेच नातीच्या बारशाचे फोटो घालवले, 'फोनमधली जागा मोकळी करते' म्हणून. म्हणजे तोही आरसाच, फक्त लांबच्या भिंतीवर टांगलेला. लांब असण्याचा फायदा मात्र आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात! आमच्या दोन्ही डिस्क एका डब्यात, डबा एका स्टुलावर, स्टूल हिंदमाताच्या तळमजल्यावर. तिथे पावसात काय होतं ते परळ-दादरच्या माणसाला सांगायला नको.

आणि कागदाबद्दल. 'राजा हरिश्चंद्र' फाळक्यांनी आपल्या दादरला चित्रित केला, ३ मे १९१३ला आमच्या गिरगावात कॉरोनेशनला लागला. चार रिळांचा चित्रपट. आज पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, आणि काही अभ्यासकांच्या मते तीही १९१३ची नाहीत, फाळक्यांनी १९१७ला पुन्हा बनवलेल्या हरिश्चंद्राची आहेत. चालू वापरातल्या प्रती म्हणजे जपलेली प्रत नव्हे, याला याहून मोठा दाखला मला तरी माहीत नाही. फाळक्यांना पुन्हा चित्रपट बनवता आला. आमची सातवीतली पोरं पुन्हा कुठून आणू?

८२ वाचला, पण सगळं वाचलं असंही नाही. १९७९च्या अंकात एका मुलाने पेन्सिलीने चाळीच्या गॅलरीचं चित्र काढलं होतं, फार हळुवार रेषांचं. स्कॅन करताना कुणीतरी उजेड वाढवून ठेवला होता, पान जवळजवळ कोरं आलं आहे. दोन्ही डिस्कवर, अगदी सारखं कोरं. मूळ कागद असता तर पाच मिनिटांचं काम होतं. त्या मुलाला मी फोन केला, तो आता देवगडला असतो. म्हणाला, "बाई, मी चित्र काढायचो?"

वाळवी लागते हे मान्य. जागा नाही हेही मान्य. पण सहा अल्बम एका पत्र्याच्या ट्रंकेत मावतात, डांबराच्या गोळ्या घालून. आणि डिस्कचं म्हणाल तर आता केबल बदलली आहे, दोन्ही नकला सुखरूप आहेत हे बघून मगच शिळी डिस्क पुसून आरशात घेतली (तीनेक तास लागले, टक्केवारी बघत बसले होते), रोजची पत्रं माझ्या ईमेलवर येतील अशी सोय नातवाने केली आहे, आणि नकलांची एक डिस्क बाटाच्या खोक्यात माझ्या कपाटात असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती घेऊन जाते, नवीन पानं भरते, चार अंक उघडून बघते आणि परत आणते. यातलं काहीही टेक्निकल नाही. वाचता येणाऱ्या आणि नंबर ताडता येणाऱ्या कुणालाही जमेल.

अल्बमचा ठराव पुढच्या बैठकीत मताला टाकणार आहेत. परवा निघताना मी ते सहाही अल्बम मोजून कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि चावी पर्समध्ये टाकून घरी आले. अजून कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मंडळातलं कुणी हे वाचत असेल तर फोन करू नये, भेटीला यावं. चहा करीन.